अनंतराव काही घेत नाहीत

मुलीचं लग्न ठरवायला बापाने परमिट रूममध्ये जाऊन बसायचं, हे ऐकायला काही बरं वाटत नाही. पण अनंतराव धुरींचा इलाज नव्हता, कारण ती परमिट रूम मुलाच्या वडिलांचीच होती. गिरण्यांचा संप लांबत गेला तेव्हा कुणी गावाची वाट धरली, कुणी भाजीची गाडी लावली. जयवंत पाताडेंनी मेव्हण्याच्या भागीदारीत घाटकोपर पूर्वेला ‘हॉटेल सागरतारा’ उघडलं आणि दोन वर्षांत पोट सुटेपर्यंत प्रगती केली. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं. बायकांची बोलणी वर आणि पुरुषांची खाली, अशी रविवारी संध्याकाळची व्यवस्था ठरली होती.

खरं तर ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. धुरींची उत्तरा आणि पाताड्यांचा संजीव टेलिफोन खात्यात एकाच कचेरीत होते आणि जे काही ठरवायचं ते त्यांनी कँटीनमध्ये केव्हाच ठरवून टाकलं होतं. आईवडिलांनी फक्त एकत्र बसून, हे आपणच जुळवलं अशी समजूत करून घ्यायची होती. गावाहून जयवंतरावांचे चुलते गुणाजीकाका मुद्दाम आले होते. पाताड्यांच्या घरात काका म्हणतील ती पूर्व दिशा. ते एकदा ‘होय’ म्हणाले की काम झालं.

अडचण एकच होती. अनंतरावांना साखर होती. साखर असणं हा काही गुन्हा नाही, पण मुलीच्या बापाला ती असणं जवळजवळ गुन्हाच. दोन वर्षांपूर्वी भांडुपच्या एका स्थळाकडे अनंतरावांनी भोळेपणाने बिनसाखरेचा चहा मागितला आणि चहा येण्याआधी स्थळ गेलं. “घराण्यातच आहे म्हणायचं,” असं मुलाची आई पडद्याआडून म्हणाली होती. त्या दिवशी उत्तरा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. यंदा छातीत धडधड सुरू झाली आणि डॉक्टरांनी उरलासुरला चहाही बंद केला, कॉफीही आणि बाटलीतलं काळं कोल्ड्रिंकही. गूळ, भात, बटाटा आधीच गेले होते. दारू अनंतरावांनी जन्मात घेतली नव्हती, त्यामुळे ती बंद करण्याचं समाधान डॉक्टरांना मिळालं नाही.

मुलुंडहून बसने येताना नलिनीताईंनी नवऱ्याला पुन्हा एकदा पढवलं. साखरेचं नाव काढायचं नाही. बिनसाखरेचं काही मागायचं नाही. पाण्यालाही हात लावायचा नाही, कारण पाणी प्यायले की अनंतराव दर पाच मिनिटांनी उठत, आणि दर पाच मिनिटांनी उठणाऱ्या माणसाला काय झालंय हे गाढवालासुद्धा कळतं.

“मग मी पिऊ काय?” अनंतरावांनी विचारलं.

“काही पिऊ नका. नको म्हणा. नको म्हटल्याने कुणी मेलेलं नाही.”

नलिनीताईंना कोकणातल्या माणसांचा तीस वर्षांचा अनुभव होता, पण परमिट रूमचा नव्हता. देवळात गेलेला माणूस एक वेळ तीर्थ न घेता परत येऊ शकतो. परमिट रूममध्ये मालकाच्या शेजारी बसून काहीच न घेणं ही मालकाची जाहीर बदनामी असते, हे त्यांना कुठून माहीत असणार?

खाली, कोपऱ्यातल्या टेबलाशी तिघं बसले. गल्ल्यावरचा टीव्ही जयवंतरावांनी पाहुण्यांच्या मानाखातर बारीक केला. बसल्याबसल्या गुणाजीकाकांनी गावाहून आणलेल्या फडक्यातून गुळाचा खडा काढला, बशीत ठेवला, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवला आणि दोन्ही हातांनी बशी पुढे केली. आजूबाजूला लोक बिअर पीत बसलेले, मध्ये रक्षापात्रं, आणि त्यात हे गूळपाणी. पण रीत ती रीत. उन्हातून आलेला पाहुणा शत्रू असला तरी त्याला गूळपाणी विचारायचं, हे काकांच्या रक्तात होतं.

“नको नको, आत्ताच घेऊन निघालो,” असं म्हणून अनंतरावांनी बशीही सरकवली आणि ग्लासही. काकांनी बशी उचलून पुन्हा आपल्यापुढे ठेवली. जयवंतरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते धोंडूला हाका मारत होते.

धोंडू हा तिथला सगळ्यात जुना वेटर. जयवंतरावांनी आधी रमचं विचारलं. अनंतरावांनी घेत नाही म्हणून सांगितलं आणि ते सगळ्यांना आवडलं. मुलीचा बाप निर्व्यसनी असणं केव्हाही चांगलं, असं जयवंतराव स्वतःचा पेग भरत म्हणाले. मग थंडा घ्या, काळं घ्या, संत्र्याचं घ्या, आंब्याचं घ्या. अनंतरावांनी घशावर हात ठेवला आणि घसा धरल्याचं सांगितलं.

हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. कारण घसा म्हटल्यावर जयवंतरावांच्या अंगात वैद्य संचारला. आल्याचा चहा सांगितला, वर दोन चमचे साखर जास्त, घशाला बरी म्हणून. अनंतराव घाईघाईने म्हणाले, चहाने पित्त होतं. जयवंतरावांना पित्तावरचा उपाय तर पाठच होता. धोंडू कोकम सरबत आणायला वळला. त्यात किती साखर असते हे अनंतरावांना ठाऊक होतं, कारण एकेकाळी ते तीन-तीन ग्लास पीत. ते म्हणाले, आंबट नको, आंबटाने घसा आणखी बसेल.

आणि त्याच क्षणी शेजारच्या टेबलावर सोलकढी आली.

ताजी, गुलाबी, वर कोथिंबीर. साखरेचा कण नाही, चहा नाही, कॉफी नाही, दारू नाही. देवाने अनंतराव धुरींसाठीच घडवलेलं असं पृथ्वीवर एकच पेय होतं आणि ते हाताच्या अंतरावर होतं. पण आता मागणार कसं? आंबट नको असं ते स्वतःच, स्पष्ट आवाजात, आत्ताच बोलून बसले होते. लिंबूसोड्याचं दारही त्याच वाक्याने बंद झालं होतं. अनंतरावांनी आवंढा गिळला. तेवढंच काय ते प्यायल्यासारखं.

“अहो, काहीतरी घ्या की. मला कसंतरी वाटतंय,” जयवंतराव म्हणाले. त्यांना खरंच कसंतरी वाटत होतं. माणूस मनाने मोकळा होता आणि आपल्या दुकानात व्याही कोरडा बसलाय हे त्याला बघवत नव्हतं.

अनंतरावांना एकदम सुचलं. साधा सोडा. त्यात गोड नाही, आंबट नाही, काहीच नाही. जयवंतरावांचा चेहरा खुलला आणि धोंडू ग्लासात सोडा ओतून घेऊन आला. पण परमिट रूममध्ये ओतून आलेल्या ग्लासात नुसता सोडाच आहे याची खात्री कोण देणार? बाजूच्या टेबलावरचा माणूस तसल्याच दिसणाऱ्या ग्लासातून घोट घेत मघापासून मिरची खाल्ल्यासारखी तोंडं करत होता. अनंतरावांनी नम्रपणे सांगितलं की ग्लास नको, बाटलीच आणा, बंद, आणि उघडा इथेच, माझ्यासमोर.

धोंडूने बाटली आणून टेबलावर ठेवली आणि चावी लावून फट्‌कन उघडली. अनंतरावांनी बाटलीचं तोंड रुमालाने पुसलं आणि एक घोट घेतला. संध्याकाळ निभावली असं त्यांना वाटलं.

गुणाजीकाका एवढा वेळ फक्त बघत होते. आता त्यांनी तपकिरीची डबी बंद केली.

“जयवंता, तुका समाजला काय?” ते म्हणाले. “ह्येंका आमच्या हातचा पाणी चलना नाय. बाटलीतला बंद पाणी घेतत, कारखान्यातला. गूळपाणी सारल्यानी. आमच्या ग्लासाक बोट लावक नाय. हे कातळगावचे ना?”

अनंतराव कातळगावचेच. आणि पाताडे वेळवाडीचे. मध्ये फक्त एक ओहोळ. काकांच्या वडिलांच्या काळात जत्रेला दोन गावांच्या पालख्या त्या ओहोळावर समोरासमोर आल्या होत्या आणि आधी कुणी उतरायचं यावरून आधी बोलाचाली, मग काठ्या, मग कोर्ट. शेवटी दोन्ही गावांनी देवळात उभं राहून आण घेतली होती की तुमचं पाणी आमच्या घशाखाली उतरणार नाही. ओहोळ पुढे आटला, कोर्टातले वकील मेले, दोन्ही गावांतले तरुण मुंबईला येऊन एकाच चाळीतल्या एकाच नळावर भांडू लागले. आण कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. अनंतरावांनी ती लहानपणी कधीतरी ऐकली होती, पण तेव्हा त्यांना गोट्यांमध्ये जास्त रस होता.

“काका, ते जुनं झालं,” जयवंतराव म्हणाले, पण त्यांचाही पेग खाली आला होता. आता त्यांनाही सगळा हिशेब लागत चालला होता. घसा म्हणाले, पित्त म्हणाले, पण बाटली बंदच पाहिजे म्हणाले. वर रुमालाने पुसली.

“जुना आसात. मी पण जुनो आसंय,” काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता आणि त्यामुळेच भीती वाटत होती. “पोरगी आमच्या घरात येतली, आमच्या पोराक पाणी देतली, आणि तिचो बापूस आमचा पाणी घेवचो नाय. असली सोयरीक माका नको. वर बायकांका सांगून ये.”

अनंतरावांना दरदरून घाम फुटला. वर नलिनीताई विहिणीशी साड्यांच्या गोष्टी करत असणार, आणि उत्तरा नवी साडी नेसून खाली मान घालून बसली असणार. आता जयवंतराव जिना चढून जाणार. भांडुपला पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पण ते तिच्या ओळखीचंही नसलेलं स्थळ होतं. हा संजीव होता. खरं सांगितलं तर स्थळ साखरेवर मोडत होतं, न सांगितलं तर पालखीवर. आपल्या जिभेवर आपण आज एकही धड गोष्ट ठेवली नाही आणि तरी तीच आपल्याला बुडवते आहे, असं वाटून त्यांना रडू यायला झालं.

जयवंतराव उठले, तसे अनंतरावही उठले. मघाशी सारलेला ग्लास त्यांनी ओढला आणि उभ्याउभ्या, सगळ्यांदेखत, एका दमात रिकामा केला. घाटकोपरचं नळाचं पाणी, पण अमृतासारखं लागलं. संध्याकाळभर घसा खरोखरच कोरडा पडला होता.

“काका, मला आण माहीत नाही,” ते म्हणाले. “मला तुमचं पाणी चालतं. आणखी द्या.”

काकांनी रिकामा ग्लास बाजूला ठेवला. मग म्हणाले, “असा नाय. आण देवासमोर घेतलेली, ती देवासमोर सोडूक व्हयी. गाऱ्हाणा घालूक व्हया.”

गाऱ्हाण्याला तांब्या लागतो आणि परमिट रूममध्ये बाकी सगळं असलं तरी तांब्या नसतो. धोंडूने बिअरचा काचेचा जग विसळून नळाखाली काठोकाठ भरून आणला. काकांनी चपला काढल्या, डोक्यावर टोपी नीट केली आणि जगासमोर हात जोडून उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा, आज ही तुझी दोन गावची लेकरां हय एकत्र जमली आसत. वाडवडलांकडसून काय चूकभूल झाली आसात, ती पदरात घी म्हाराजा. पाण्याची जी काय आण होती, ती आज सोडलंव म्हाराजा. ह्या दोन घरांचा पाणी एक कर, आणि मधी कोण येतलो तेका वाटेक लाव म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” धोंडू म्हणाला. तोही मालवणकडचाच. पाठोपाठ शेजारचं सोलकढीवालं टेबल म्हणालं, मग कोपऱ्यातलं, आणि शेवटी गल्ल्यापाशी बसलेले एक सरदारजी, ज्यांना काय चाललंय हे शेवटपर्यंत कळलं नाही, तेही ग्लास उंचावून ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. इतकी एकवाक्यता त्या जागेत आजवर कधी झाली नव्हती.

मग पाणी वाटायचं. काका म्हातारे, त्यांनी दोन घोट घेतले. जयवंतरावांच्या पोटात रम होती, त्यांनी एक घेतला. उरलेला जग शास्त्राप्रमाणे अनंतरावांचा. तो त्यांनी संपवला. ग्लास उपडा करून दाखवावा तसा काकांनी तो जग उलटा करून बघितला आणि त्यांचे डोळे भरून आले. अनंतरावांचेही भरून आले, त्यातलं थोडं पाण्याच्या दाबाने असावं.

“आता गूळ,” असं म्हणून काकांनी बशी पुन्हा पुढे केली.

अनंतराव या वेळी तयार होते. “गूळ कसला काका? एवढी आनंदाची गोष्ट झाली. पेढे आणतो, माझ्याकडून,” असं म्हणत ते बाहेरच पळाले. समोरच मिठाईचं दुकान होतं. गुळातून सुटलो या आनंदात त्यांनी चांगले केशरी पेढे बांधून घेतले, आणि परत येताना रस्त्याच्या मध्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं. आगीतून निघून फुफाट्यात पडण्यासाठी सहसा कुणी स्वतःच्या खिशातून खर्च करत नाही.

व्हायचं ते झालं. अनंतरावांनी जयवंतरावांना पेढा भरवला, काकांना भरवला, आणि काकांनी अनंतरावांना, आख्खा, अंगठ्याने आत दाबून. अनंतरावांनी तो जिभेने डाव्या गालात सारला आणि तिथेच धरून ठेवला. वर निरोप गेला. जिन्यावर बायकांचं हसू ऐकू आलं. काका चूळ भरून येतो म्हणून मागे गेले. इकडे बिअरच्या जगातलं पाणी आपला रस्ता शोधू लागलं होतं. अनंतरावांनी करंगळी वर केली आणि गाल सांभाळत तेही मागच्या बोळात गेले. बेसिनपाशी पेढाही काढून टाकता येईल, असा दुहेरी विचार होता.

बेसिनपाशी गुणाजीकाका उभे होते. वाकलेले. त्यांनी बोटाने तोंडातला पेढा काढला, जवळजवळ आख्खाच होता, तो टाकला आणि वरून नळ सोडला.

अनंतराव जागच्या जागी थिजले. आधी त्यांना काही कळेना आणि मग सगळंच एकदम कळलं. म्हातारा आण सोडल्याचं नाटक करून आला होता. देवाला साक्षी ठेवून आमच्या पोटात जग भरून पाणी ओतलं आणि आमचा पेढा मात्र याच्या घशाखाली उतरत नाही. वेळवाडीचा ना तो. अनंतरावांच्या अंगात पन्नास वर्षं झोपलेलं कातळगाव जागं झालं. त्यांना बोलायचं होतं, मोठ्याने बोलायचं होतं, पण तोंडात पेढा होता. तोंडात पेढा असताना माणसाला कितीही राग आला तरी तो प्रेमळच दिसतो.

म्हणून त्यांनी पेढा गिळला. आख्खा.

“आमचा पेढा थुंकलात?” ते म्हणाले. “पाण्याची आण सोडवून घेतलीत आणि पेढ्याची घातलीत होय?”

काका दचकून वळले. त्यांच्या मिशीला केशर लागलं होतं. त्यांनी बोळाच्या दोन्ही टोकांना बघितलं आणि अनंतरावांचा हात घट्ट धरला.

“तसा नाय हो. देवाशपथ तसा नाय. माका साखर आसा. चार वर्षां झाली. घरात कोणाक म्हायत नाय. सुनेक समाजला तर माजो भात बंद करतली. जयवंताक पण सांगूक नाय, लग्नाच्या टायमाक तेका घोर नको. कोणाक सांगा नकात, पाया पडतंय.”

‘मलाही आहे’ हे अनंतरावांच्या अगदी ओठावर आलं. दोन म्हातारे गळ्यात गळा घालून बोळात रडले असते आणि सगळं छान झालं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच मुलीचा बाप असून समोरचा माणूस त्यांच्यापुढे हात जोडून उभा होता. त्याची अनंतरावांना सवय नव्हती. त्यांनी छाती थोडी पुढे काढली.

“साखर?” ते गंभीरपणे म्हणाले. “घराण्यात? काका, हे आधी सांगायला हवं होतं. आम्ही पोटची मुलगी देतोय.”

“चुकलंय,” काका म्हणाले.

“अशा गोष्टी लपवू नयेत. दुसरा कुणी असता तर उठून गेला असता.”

“दुसरो गेलो असतो,” काकांनी मान डोलावली.

अनंतरावांनी त्यांना थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग मोठ्या मनाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की जाऊ द्या, माझ्या पोटात राहील. पोटात आधीच काय काय होतं याचा उल्लेख त्यांनी केला नाही. मग ज्या कामासाठी आले होते ते उरकून, हात धुऊन, ते काकांना पुढे घालून ताठ मानेने टेबलाकडे आले.

एव्हाना बायकाही खाली आल्या होत्या. उत्तरा आता मान वर करून हसत होती. नलिनीताईंनी डोळ्यांनीच विचारलं, काही घेतलं नाहीत ना? अनंतरावांनी मान हलवली. तेवढ्यात गुणाजीकाकांनी सगळ्यांना गप्प केलं. असा व्याही दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. माणसाच्या मनाचा मोठेपणा आपण आज बघितला, कुठे ते विचारू नका, असंही ते म्हणाले. मग उपकाराने ओथंबलेल्या त्या म्हाताऱ्याने खोक्यातले सगळ्यात मोठे दोन पेढे उचलले.

“आमचा काय, आमी म्हातारे, आमका पचना नाय,” ते डोळा बारीक करून म्हणाले. “पण तुमी घेवा. तुमची तब्बेत घट्ट आसा.”

नलिनीताई बघत होत्या. अनंतरावांनी डोळे मिटून आ केला.